मूळ 'स्टार ट्रेक'चे फसलेले भाग पुन्हा पाहायचे आहेत : निवड आणि क्रम यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मूळ 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या अमेरिकी मालिकेची पहिली दोन पर्वे आमच्या घरी दर शनिवारी रात्री बसून पाहून झाली असून आता १९६८-६९ च्या तिसऱ्या पर्वापाशी गाडी अडली आहे. पाहणारे आम्ही चौघे : मी, सौ., महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणारी माझी भाची आणि ही मालिका दूरदर्शनवर लागत असे तेव्हापासून तिच्यावर जीव जडलेले, दांडिया बाजारातल्या आमच्याच वाड्यातले एक गुजराती काका. तिसऱ्या पर्वातले नावाजलेले चार-पाच भाग तेवढे पाहावेत आणि बाकीच्यांना रामराम ठोकावा, असे भाचीचे म्हणणे आहे. काका मात्र एकही भाग गाळायला तयार नाहीत. निवाडा माझ्यावर सोपवला गेला आहे आणि माझे मत अजून पक्के होत नाही, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेलच. प्रेक्षकांच्या पत्रांच्या माऱ्यामुळे मालिका बंद पडण्यापासून वाचली खरी, पण एनबीसी या अमेरिकी वाहिनीने तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. ज्या तरुण मंडळींसाठी ती होती, ती त्या वेळी घरात असण्याची शक्यता नवरात्रात आपल्या वडोदऱ्याची पोरे रात्री दहाला घरी सापडण्याइतकीच. खर्चाला कात्री लागली, मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी रोजच्या कामातून अंग काढून घेतले आणि निर्मितीची धुरा फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे आली. तेव्हापासून तिसऱ्या पर्वाचे सगळे खापर फ्रायबर्गर यांच्या माथी फोडण्याची रीत पडली आहे, जी मला अन्यायाची वाटते. दुसऱ्या पर्वातला 'दि ओमेगा ग्लोरी' हा भाग, ज्यात दूरच्या ग्रहावर अमेरिकेची राज्यघटना जशीच्या तशी निघते, तो खुद्द रॉडनबेरी यांनीच लिहिलेला आहे. पहिल्या पर्वातला 'दि ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर' तर असा आहे की, ठरलेला नट ऐन वेळी आलाच नाही आणि त्याच्या जागी रॉबर्ट ब्राउन यांना उभे करावे लागले. त्यातल्या लॅझरस या पात्राची दाढी एका दृश्यात दाट तर पुढच्याच दृश्यात विरळ दिसते, आणि कथा इतकी गोंधळाची आहे की हाही काही सांकेतिक प्रकार असावा असे आमच्या सौ.ला बराच वेळ वाटत होते.

माझा अंदाज असा आहे की फसलेल्या भागांचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि इंटरनेटवरच्या 'सर्वांत वाईट भाग' अशा याद्या ते एकत्र करून टाकतात. काही भाग पैशाअभावी लंगडे पडले आहेत, तर काहींमध्ये मुळात विचारच तोकडा आहे. पहिल्या प्रकारातले भाग पुन्हा पाहताना हाती बरेच काही लागते. 'स्पेक्टर ऑफ द गन'मधल्या गावातल्या घरांना नुसत्या दर्शनी भिंती आहेत आणि वर लालभडक आकाश. पण हे गाव यानाचा कॅप्टन कर्क याच्या मनातल्या तुटक माहितीवरून उभे केलेले असल्यामुळे ते अर्धवट असणे कथेतच बसून जाते. 'दि एम्पथ' जवळजवळ रिकाम्या, काळोख्या रंगमंचावर घडतो आणि मुक्या जेमचे काम करणाऱ्या कॅथरिन हेज निव्वळ चेहऱ्यावर तो पेलतात. 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड'मध्ये एकाचा चेहरा उजवीकडून काळा आणि दुसऱ्याचा डावीकडून, एवढ्याच भेदावर जन्माचे वैर उभे आहे. त्यातले पाठलाग करणारे यान चक्क अदृश्य आहे, म्हणजे ते बनवण्याचा खर्चही वाचला. मात्र शेवटी दोघे यानातल्या बोळांमधून जे पळत सुटतात, ते पळणे जरा आवरते घ्यायला हवे होते.

'स्पॉक्स ब्रेन' कोणत्या खणात टाकावा, हे मात्र मला ठरवता येत नाही. यानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू चोरीला जातो आणि यानाचा डॉक्टर मॅकॉय हातातल्या यंत्राची बटणे दाबून त्याचे बिनमेंदूचे शरीर सोबत चालवत नेतो. पुढे शस्त्रक्रिया अर्धवट असतानाच स्पॉकला वाचा फुटते आणि तो स्वतःच मॅकॉयला पुढचे टाके सांगू लागतो. लेखक ली क्रोनिन, म्हणजे टोपणनावाने लिहिणारे जीन कून. ज्यांनी 'द डेव्हिल इन द डार्क'सारखा मालिकेतला एक उत्तम भाग लिहिला, तेच हे. हा भाग जाणूनबुजून थट्टेने लिहिला असावा, असा काकांचा दावा आहे. मला तसे वाटत नाही, कारण नटमंडळी तो अत्यंत गंभीरपणे करतात, पण बटणांवर चालणारा स्पॉक पाहताना हसू आवरत नाही, हेही खरे.

दुसऱ्या प्रकारातल्या भागांपैकी 'अँड द चिल्ड्रन शॅल लीड' गाळायला माझी हरकत नाही. अवघड आहे तो शेवटचा भाग, 'टर्नअबाउट इंट्रूडर'. स्त्रीला यानाची कॅप्टन होता येत नाही, हे गृहीत धरून त्याची सारी कथा रचलेली आहे, आणि यानावरची अधिकारी उहुरा हिच्यासाठी मालिका आवडीने पाहणाऱ्या भाचीसमोर समारोप म्हणून तो लावणे माझ्या जिवावर येते. त्याच्या आधी दाखवला गेलेला 'ऑल अवर यस्टरडेज' कितीतरी सरस आहे.

तेव्हा जाणकारांनी कृपया पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. पर्वाची सुरुवात प्रक्षेपणाच्या क्रमाने 'स्पॉक्स ब्रेन'पासून करावी, की चित्रीकरणाच्या क्रमाने 'स्पेक्टर ऑफ द गन'पासून? ब्लू-रे संचात यानाची आणि अंतराळाची जुनी आणि २००६ नंतर नव्याने केलेली, अशी दोन्ही दृश्ये निवडता येतात. कमकुवत भागांना नव्या दृश्यांनी खरोखर काही उभारी येते, की जुनीच बरी? 'द वे टू ईडन'मधली गाणी सहन करण्याइतके त्या भागात काही आहे का? आणि 'टर्नअबाउट इंट्रूडर' आधी उरकून 'ऑल अवर यस्टरडेज'ने शेवट केला, तर काकांसारख्या क्रमनिष्ठ माणसाला पटेल असे एखादे कारण कोणी सुचवू शकेल का?