वेगासहून रेंटल कार घेतोय, डॅमेज कव्हर घ्यावं की कार्डावर भागेल?

जर्सी_सिटीकर
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा, दादा आणि वहिनी पुण्याहून येतायत. वेगासला उतरायचं, तिथून गाडी घेऊन झायन, ब्राइस, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि परत वेगास, असा आठ दिवसांचा बेत आहे. एसयूव्हीचं भाडं टॅक्स धरून ५२० डॉलरच्या आसपास दिसतंय, इथपर्यंत ठीक. पण पुढच्या पानावर गेलं की एलडीडब्ल्यू (लॉस डॅमेज वेव्हर, म्हणजे भाड्याच्या गाडीचं नुकसान झालं तर ते कंपनी सोडून देते) रोज ३०, सप्लिमेंटल लायबिलिटी (दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर त्याच्या दाव्यासाठीचं जादा कव्हर) रोज १६, शिवाय पर्सनल अॅक्सिडेंट, रोडसाइड असिस्टन्स, सगळ्यावर टिक केलं तर जवळजवळ भाड्याइतकाच खर्च कव्हरचा होतोय!
माझ्याकडे स्वतःची गाडी नाही, पाथ ट्रेनने ऑफिसला जातो, त्यामुळे ऑटो पॉलिसी वगैरे काही नाही. चेस बँकेचं सफायर प्रिफर्ड क्रेडिट कार्ड आहे, त्यावर रेंटल गाडीच्या डॅमेजचं कव्हर मिळतं. ऑफिसातला एक जण म्हणतो कार्ड आहे ना मग सगळं डिक्लाइन कर, दुसरा म्हणतो म्हातारी माणसं सोबत आहेत, चिकटपणा करू नको, सगळं घे. दादा पण थोडी चालवेल. काय करू?

बंड्या_सनीवेल
सफायर प्रिफर्ड असेल तर गाडीच्या डॅमेजचं टेन्शन बरंचसं सोड. त्याचं कव्हर प्रायमरी आहे, म्हणजे आधी तुमच्या ऑटो पॉलिसीकडे जा असं ते म्हणत नाहीत. बऱ्याच कार्डांचं सेकंडरी असतं, पण तुझ्याकडे पॉलिसीच नाही म्हटल्यावर तुझ्यासाठी तेही प्रायमरीसारखंच झालं असतं.
अटी मात्र नीट पाळ. पूर्ण भाडं त्याच कार्डावर गेलं पाहिजे, अॅग्रीमेंटवर मुख्य नाव तुझं पाहिजे आणि कंपनीचं एलडीडब्ल्यू डिक्लाइन केलेलं पाहिजे, ते घेतलं तर कार्डाचा क्लेम विसर. दादा चालवणार असेल तर त्याचं नाव अॅडिशनल ड्रायव्हर म्हणून अॅग्रीमेंटवर घालून घे. नाव नसताना त्याच्या हातून गाडी लागली तर कार्डवाले हात वर करतील आणि रोजचे ३० भरून एलडीडब्ल्यू घेतलेलं असलं तरी कंपनी पण हात वर करेल. आणि स्वस्त दिसतं म्हणून टुरोवर (लोक स्वतःच्या गाड्या भाड्याने देतात ते अॅप) बघत असशील तर तिथे बहुतेक कार्डांचं कव्हर चालत नाही.

ओहायोची_मावशी
बंड्या म्हणतोय ते बरोबर, पण अर्धंच. अरे, कार्ड फक्त तू भाड्याने घेतलेल्या गाडीचं बघतं. तू दुसऱ्याच्या गाडीला ठोकलंस, समोरचा माणूस जखमी झाला, तर कार्ड एक डॉलरसुद्धा देत नाही. ज्यांच्या दारात स्वतःची गाडी आहे त्यांच्या पॉलिसीतली लायबिलिटी सहसा भाड्याच्या गाडीवरही चालते, म्हणून तुझा ऑफिसवाला बिनधास्त 'सगळं डिक्लाइन कर' सांगतोय. तुझ्याकडे ते नाहीच, आणि तुझा खरा प्रश्न तोच आहे, डॅमेज नाही.
वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाचं लायबिलिटी इन्शुरन्सचं कायदेशीर मिनिमम २५/५०/२० आहे. एका माणसाच्या इजेला २५ हजार, एका अपघातातल्या सगळ्यांना मिळून ५० हजार आणि दुसऱ्याच्या गाडी-मालमत्तेला २० हजार डॉलर. रेंटल कंपनीने दिलंच तर एवढंच देणार. इथल्या हॉस्पिटलची बिलं तुला माहितीयत, अँब्युलन्स, ईआर (इमर्जन्सी रूम) आणि एक ऑपरेशन झालं की २५ हजार कुठल्या कुठे जातात. गाडी कंपनीची आहे तर कंपनी बघून घेईल असंही डोक्यात ठेवू नको. २००५ च्या ग्रेव्हज अमेंडमेंट या केंद्रीय कायद्यापासून निव्वळ मालक आहे म्हणून रेंटल कंपनीला जबाबदार धरता येत नाही, चालवणाऱ्यावर येतं सगळं.
तुझी एसयूव्ही पूर्ण गेली तरी नुकसान तिच्या किमतीएवढंच, समोरच्या माणसाच्या दाव्याला तळ नसतो. लोक नेमकं उलटं करतात, पत्र्यासाठी रोज ३० देतात आणि १६ वालं सोडतात. तुझ्या जागी मी असते तर एलडीडब्ल्यू नाही, सप्लिमेंटल लायबिलिटी नक्की. आठ दिवसांचे १२८ डॉलर होतात. कव्हर ३ लाख डॉलरचं आहे की १० लाखांचं ते मात्र कागदात वाचून घे, सगळीकडे सारखं नसतं.
पर्सनल अॅक्सिडेंट सोड, पण आई-बाबांचा आणि दादा-वहिनींचा ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स चांगला काढ, तिथे कंजुषी नको.

डॅलसकर
मावशींचं लायबिलिटीबद्दल १००% पटलं. पण मी एलडीडब्ल्यू पण घेतो बुवा, पैसे गेले तर गेले. कोलोरॅडोत एकदा पार्किंगमध्ये गारांचा पाऊस झाला आणि भाड्याच्या गाडीच्या बॉनेटवर टपावर नुसते पोचे. दुसरं कार्ड होतं, त्याने दुरुस्तीचे पैसे दिले, तक्रार नाही. पण गाडी गॅरेजमध्ये पडून होती त्या दिवसांचं भाडं कंपनी माझ्याकडे मागायला लागली, त्याला लॉस ऑफ यूज म्हणतात. कार्डवाले म्हणाले देतो पण कंपनीकडून फ्लीट युटिलायझेशन लॉग आणा, म्हणजे तेव्हा त्यांच्या बाकीच्या गाड्या खरंच बाहेर होत्या का ते दिसेल, आणि कंपनी तो लॉग द्यायला तयार नाही! वर गाडीची रीसेल किंमत उतरली म्हणून डिमिनिश्ड व्हॅल्यूचं वेगळं बिल, ते कार्डाच्या कव्हरमध्ये बसतच नव्हतं. एलडीडब्ल्यू असतं तर चावी टेबलावर ठेवून विमानात बसलो असतो.

बंड्या_सनीवेल
@डॅलसकर मनस्ताप होतो हे मान्य, पण दरवेळी २४० डॉलर देत गेलात तर थोड्या वर्षांत एखादं बंपर तुम्हीच विकत घेऊन टाकाल 😄 लॉस ऑफ यूजसाठी लॉग सफायरवाले पण मागतात, ते खरंय. गाडी घेताना चारी बाजूंनी, काच, चाकं, टप, सगळ्याचा व्हिडिओ काढायचा आणि परत करताना पुन्हा काढायचा. जुने ओरखडे नव्याने आपल्या माथी मारले जातात ते बहुतेक तिथेच थांबतं.

पेठेतला_सिडनीत
एक वेगळा रस्ता. दादाच्या नावावर बुक करून बघ. रेंटल कंपन्यांच्या साइटवर राहण्याचा देश भारत टाकला की बऱ्याचदा जो रेट येतो त्यात एलडीडब्ल्यू आणि लायबिलिटी आधीच धरलेलं असतं, अमेरिकेबाहेरून येणाऱ्या टुरिस्टांसाठी असे रेट असतात. भाडं वरवर जास्त दिसतं पण तुझ्या ५२० मध्ये १२८ मिळवून मग तुलना कर. 'इन्क्लुडेड' खाली नक्की काय लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. मग मुख्य नाव दादाचं, काउंटरवर क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं लागेल, आणि तू अॅडिशनल ड्रायव्हर. तुझ्या चेसचा तिथे संबंध उरत नाही. तू स्वतः भारत टाकून बुक करू नको हं, काउंटरवर न्यू जर्सीचं लायसन्स काढलं की भानगड.
कार्डाची नियमावली देशागणिक वाचायची हे मी इकडे आल्यावर शिकलो. अमेरिकेतल्या अॅमेक्स (अमेरिकन एक्सप्रेस) कार्डाचं रेंटल कव्हर ऑस्ट्रेलिया, इटली आणि न्यूझीलंडमध्ये चालतच नाही.

जर्सी_सिटीकर
बाप रे, मी नुसतं डॅमेज डॅमेज करत बसलो होतो, लायबिलिटीचा एवढा विचारच नव्हता केला. मावशी थँक्यू. दादाला भारताचा रेट बघायला सांगतो आज. त्याने आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) काढून आणायला हवं का? लायसन्सवर सगळं इंग्रजीतच आहे.

ओहायोची_मावशी
आणू दे. आरटीओतून मिळतं, वर्षभर चालतं. इंग्रजी लायसन्स बऱ्याच ठिकाणी चालतं पण तुम्ही तीन राज्यांतून फिरणार आणि काउंटरवर कोण बसलेलं असेल सांगता येत नाही. मूळ लायसन्स घरी विसरू नको म्हणावं, नुसत्या आयडीपीला अर्थ नाही.

वाळवंटी_वाटसरू
उशिरा आलो, पण ॲरिझोनात राहतो म्हणून एक सांगतो. मॉन्युमेंट व्हॅलीच्या आतला १७ मैलांचा लूप कच्चा आहे, मातीचा, मध्ये मध्ये खड्डे आणि भुसभुशीत वाळू. बहुतेक रेंटल अॅग्रीमेंटमध्ये कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला बंदी असते, आणि तिथे काही झालं तर एलडीडब्ल्यू घेतलेलं असलं तरी रद्द. कार्डवाले पण अॅग्रीमेंट मोडलं म्हणून नाही म्हणू शकतात. म्हणजे दोन्हीकडून गेलात. व्ह्यूपॉइंट व्हिजिटर सेंटरपाशीच आहे, तिथपर्यंत डांबरी आहे, तिथे गाडी लावा आणि आत तिथल्या नवाहो आदिवासी गाइडच्या उघड्या गाडीतून जा. आई-बाबांना धूळ लागेल, स्कार्फ घ्या. गूगल मॅप्स पेजजवळ कॉटनवुड कॅन्यन रोडचा शॉर्टकट दाखवेल, तोही कच्चा आहे, पाऊस पडला की नुसता चिखल, मुळीच घालू नका.
आणि संध्याकाळनंतर ब्राइसकडे हरणं रस्त्यावर येतात, अंधाराच्या आत मुक्कामी पोचा.

जर्सी_सिटीकर
लूपला आम्ही आपल्याच गाडीने जाणार होतो! बुकिंग बघतो गाइडचं. दादाचा मेसेज आला, भारतातून सगळं धरून ६९० दाखवतंय, लायबिलिटी १० लाखांची. माझं ६४८ आणि डॅमेजला कार्ड.

डॅलसकर
४२ डॉलरचा फरक?? डोळे मिटून दादाचं घे. अॅडिशनल ड्रायव्हरचे वेगळे लावतायत का तेवढं बघ, ते रोजचे असतात.