जुन्या विणकराला "माल खराब येतोय" हे कसं सांगायचं?

अक्कलकोट_रोड:
टेरी टॉवेलचा कारखाना. एका जुन्या विणकराच्या मागावर दोन महिन्यांपासून सेकंड माल (दोष असलेला, दुय्यम दर्जाचा) वाढलाय, सोमवारचे खाडेही वाढलेत. त्यात उचल अजून फिटलेली नाही. सुपरवायझर वयाने लहान, आणि सगळे या विणकराला मामा म्हणतात. विषय काढला की मामांचं एकच, "मग माझा हिशोब करून टाका." दंड लावायचा की बोलायचं? बोलायचं तर कसं?

ताणाबाणा:
आधी माग तपासा, मग माणूस. फोल्डिंग टेबलावरून (जिथे तयार माल तपासून घड्या घालतात) तीन आठवड्यांची नोंद काढा: माग नंबर, पाळी, दोष. त्याच मागावर दुसऱ्या पाळीतही तोच दोष येत असेल तर मामांशी बोलण्यासारखं काहीच नाही. लांबीने सलग उभी रेघ म्हणजे बहुतेक फणीचा (ताण्याचे उभे धागे ओळीत ठेवणारी कंगव्यासारखी पट्टी) दात वाकलाय. आडवा पट्टा असेल तर वीज गेल्यावर माग पुन्हा चालू करतानाची खूण असू शकते. ताण्याचा धागा तुटून बराच वेळ तसाच विणला गेला असेल तर दोन शक्यता: ड्रॉपरमध्ये (धागा तुटला की माग थांबवणारी पत्र्याची पट्टी) कापसाची घाण अडकून माग थांबलाच नाही, नाहीतर लक्ष नव्हतं. हे न बघता बोलायला गेलात तर मामा पहिल्याच मिनिटाला तुम्हाला फणी दाखवतील आणि पुढचं बोलणंच संपेल.

मागाजवळ बोलू नका. तिथे ओरडूनच बोलावं लागतं, आणि ओरडून सांगितलेलं सगळं शिवीसारखं लागतं. पगाराच्या दिवशी नको, पाळी सुटतानाही नको, कारण घरी जायची घाई असते. पाळीच्या मध्यावर बदली विणकर उभा करा आणि ऑफिसात बसवून वीस मिनिटं बोला. टेबलावर दोष असलेले तीन-चार टॉवेल ठेवा. सुरुवात एवढीच: "मामा, हे तुमच्या मागाचे टॉवेल. हे कशामुळे होतंय, तुम्हीच सांगा." मग गप्प बसा. बहुतेक सुपरवायझर इथेच घाबरून स्वतःच बोलत सुटतात.

टॉवेल, खाडा आणि उचल एकाच बैठकीत काढू नका. उचलीचा शब्द निघाला की माणसाला वाटतं, बाकी सगळं त्यासाठीच चाललंय.

हजेरीबुक:
दंडाबद्दल. कायद्याने एका पगार कालावधीतला दंड त्या मजुरीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि आधी कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. खराब मालाची भरपाई कापायची तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो, बाजू ऐकावी लागते, आणि प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. "सेकंड निघाला, अर्धी मजुरी कापली" हे चालत नाही, कितीही जुनी पद्धत असली तरी.

खाड्यांच्या नोंदीतून गड्ड्याच्या यात्रेचे दिवस वगळा. संक्रांतीच्या सुमाराला निम्म्या सोलापूरचं लक्ष मागावर नसतं, एकट्या मामांना का धरायचं?

"हिशोब करा" म्हणाले तर ना हो म्हणा, ना समजूत घालत बसा. "उद्या अकराला बसून बोलू" एवढंच सांगा. रागातलं वाक्य राजीनामा समजून त्याच दिवशी हिशोब केलात तर पुढे "मला काढलं" अशी तक्रार होऊ शकते.

बैठक संपल्यावर वहीत चार ओळी लिहा: तारीख, काय दाखवलं, ते काय म्हणाले, पुन्हा कधी बसायचं. पुढची तारीख दोन आठवड्यांच्या आतली ठेवा. "सुधारा" म्हणू नका, मोजता येईल असं सांगा: शंभरात आठ सेकंड येतात, ते चारवर आणायचे.

अक्कलकोट_रोड:
मामांचं मराठी कामापुरतं, घरी तेलुगू. जॉबरला (माग दुरुस्त करणारा) मध्ये बसवू का?

ताणाबाणा:
जॉबर नकोच. मागाची देखभाल त्याच्याकडे. फणी वाकडी निघाली तर दोष त्याच्यावर येतो, मग तो सोयीचं तेवढंच सांगणार. तेलुगू येणारा ऑफिसमधला कारकून घ्या, पण मामांच्या नात्यातला किंवा गल्लीतला नको. आणि बोलताना मामांकडे बघा, कारकुनाकडे नाही.