ड्रायपॉइंट आणि लिनोसाठी कागद कोणता घ्यायचा? नुसता जीएसएम बघून काही कळत नाहीये

शाईचेडाग
नमस्कार मंडळी, मी ड्रायपॉइंट (प्लेटवर सुईने रेघा कोरून छापायचं) आणि लिनो (लिनोलियमचा ठोकळा कोरून छापायचं) दोन्ही करते, आजवर कार्ट्रिज शीट नाहीतर जाड ड्रॉइंग पेपर जे हाताला लागेल त्यावर छापत आले, सरावाला ते ठीक होतं पण आता एक छोटी एडिशन (एकाच चित्राच्या मोजक्या प्रती) काढायचीये जी लोक विकत घेऊन भिंतीवर लावतील, म्हणजे चार वर्षांत पिवळी पडली तर पंचाईत. ड्रायपॉइंटचं असं होतंय की प्लेटवर रेघ मस्त जाड, मखमली दिसते आणि कागदावर उतरली की करडी, मधे मधे तुटलेली. प्रेशर वाढवलं तर कागद सोलून निघतो, शाईला साल चिकटून राहते. ओला करून पाहिला तर आणखीनच सोलतो.

तर १) ३०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा कागद) घेतला की प्रश्न सुटतो का, २) दोन्हीला एकच कागद चालेल का (प्रेस फक्त ड्रायपॉइंटला मिळते, लिनो मी घरी चमच्याने घासून काढते), ३) माझ्याकडे एक पाकीट पडून आहे, फाइन आर्ट पेपर, ३०८ जीएसएम, शंभर टक्के कॉटन, ते वापरू का? दिसायला तर फार सुंदर आहे.

प्रेसवाला_जुना
ताई, जीएसएम सगळ्यात शेवटी बघा. आधी हे बघा की कागद पाण्यात कसा वागतो.

ड्रायपॉइंट, एचिंग, अॅक्वाटिंट या सगळ्यात शाई खड्ड्यात असते, वर नसते, म्हणजे कागदाला रेघेत उतरून ती उचलून आणावी लागते. कोरडा कागद कितीही दाबा, तो तेवढा आत जातच नाही, म्हणून रेघ करडी येते. ओला झाला की तंतू फुगतात, मऊ पडतात आणि प्रेसच्या लोकरी ब्लँकेटच्या दाबाखाली बरच्या (सुईने कोरताना रेघेच्या कडेला उठलेल्या धारेच्या) कुशीत शिरतात. कार्ट्रिजमधे बहुतेक वेळा आखूड लाकडी तंतू, वरून घट्ट दाबलेला पृष्ठभाग, तो भिजला की वरचा थर सुटतो आणि चिकट शाई तो ओढून काढते. तुमचं साल निघणं म्हणजे तेच.

आता साइझिंग, म्हणजे कागदाला दिलेली खळ. वॉटरकलर पेपरला वरून जिलेटिनची खळ असते, रंग वरच राहावा म्हणून. छापायला तो चालतो पण खूप वेळ भिजवावा लागतो आणि तरी जरा ताठच राहतो. प्रिंटमेकिंगचे म्हणून जे कागद मिळतात, सॉमरसेट, बीएफके रीव्ह्ज, हानेम्यूलेचा एचिंगचा कागद, त्यात खळ आतून आणि बेताची असते, अर्धा-पाऊण तास पाण्यात ठेवला की तयार. तिसरा प्रकार बिनखळीचा, उदाहरणार्थ आर्श ८८. तो ट्रेमधे बुडवू नका, उचलताना हातात तुकडे येतील, नुसता फवारा मारायचा आणि ओलसर ब्लॉटरमधे (टीपकागदात) ठेवायचा. कुठला कागद कुठल्या जातीचा हे कळत नसेल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडा: लगेच शोषला तर खळ नाही, तसाच मण्यासारखा बसून राहिला तर भरपूर आहे.

आणि भिजवणं म्हणजे चिंब कागद प्लेटवर टाकणं नव्हे हो. हे खूप जण करतात. वर पाण्याची चकाकी दिसली की थांबा, पाणी तेलाच्या शाईला हाकलतं, पांढरे ठिपके पडतात. दोन ब्लॉटरमधे घालून वरून रोलर फिरवा, तिरपा धरून उजेडात बघा, चकाकी गेलेली पाहिजे पण गालाला लावला तर गार लागला पाहिजे. माझी पद्धत म्हणजे आदल्या रात्री भिजवून, निथळून, प्लॅस्टिकमधे गुंडाळून वर फळी ठेवायची, सकाळी सगळे कागद एकसारखे ओलसर मिळतात. फक्त तसेच आठवडाभर विसरू नका, बुरशी येते आणि ते डाग जात नाहीत.

ड्रायपॉइंटला सॉमरसेट सॅटिन किंवा रीव्ह्ज, २५० च्या आसपास, डोळे झाकून घ्या. टेक्स्चर्ड नको, बारीक रेघ खड्ड्यांत हरवते.

लिनोवेडी
प्रेसवालादादांचं ड्रायपॉइंटबद्दल सगळं मान्य, पण लिनोला हे उलटं आहे आणि कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. लिनोत शाई वर असते, कागदाला कुठे आत शिरायचं नाहीये, त्यामुळे कोरडा छापला तरी चालतो. आणि चमच्याने घासणार असाल तर २५० जीएसएम घेऊच नका प्लीज, मनगट जाईल आणि तरी काळा भाग खडबडीत, पांढरे ठिपके ठिपके येईल कारण तेवढा दाब हाताने पोचतच नाही. हाताने छापायला पातळ कोझो घ्या, ३० ते ५० जीएसएम. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा असतो, तंतू चांगले लांब, म्हणून एवढा पातळ असून फाटत नाही. घासताना मागून शाई दिसायला लागते, कुठे लागली कुठे राहिली ते तिथल्या तिथे कळतं, ही सोय कुठल्याच जाड कागदात नाही. एक बाजू गुळगुळीत असते, एक जरा केसाळ, गुळगुळीत बाजू शाईकडे. घासताना कागद सरकू नये म्हणून एक हात कायम वर ठेवा आणि वर बटर पेपर घेऊन घासा म्हणजे पाठ केसाळ होत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. होशो या जपानी कागदाच्या नावाने जे स्वस्तात मिळतं त्यात बऱ्याचदा लाकडाचा लगदा असतो, पाकिटावर कोझो किती टक्के ते वाचा, लिहिलंच नसेल तर सोडून द्या. आणि शाई फार तेलकट असेल तर पातळ कागदावर काही दिवसांनी काळ्या भागाभोवती पिवळसर कड दिसते, त्यामुळे शाई घट्ट ठेवा, थर पातळ. पाण्याच्या रंगाने जपानी पद्धतीने वुडकट करणारे वेगळ्या गावचे, त्यांच्या कागदाला सरस आणि तुरटीची खळ दिलेली लागते नाहीतर रंग पसरतो.

जाता जाता, जाड कागद म्हणजेच दर्जेदार हे डोक्यातून काढा. रेम्ब्रांटने १६४० च्या दशकाच्या शेवटी एचिंग आणि ड्रायपॉइंट सुद्धा जपानी कागदावर छापायला सुरुवात केली होती.

शाईचेडाग
बापरे, केवढं सांगितलंत, थँक्यू दोघांना. म्हणजे एका कागदात भागणार नाही. पण पिवळं पडायचं काय? दुकानात सगळ्याच पाकिटांवर अॅसिड-फ्री लिहिलेलं असतं, माझ्या ड्रॉइंग पॅडवर पण आहे. आणि त्या ३०८ वाल्या पाकिटाबद्दल कुणीच बोललं नाही :)

कपाटातलेछापे
मी छापत नाही, जुने कागद सांभाळायचं काम करतो, म्हणून या प्रश्नाला हात घालतो.

आधी ते पाकीट. ३०८ जीएसएम, कॉटन, फाइन आर्ट असं लिहिलेला कागद बहुधा इंकजेट प्रिंटरचा असतो. कागद खरंच कॉटनचा असतो पण वर प्रिंटरची शाई धरायला एक लेप दिलेला असतो, पाण्यात टाकलात की तो लेप चिकट होतो, सुटतो, प्लेटला लागतो. पाकिटावर इंकजेट, फोटो किंवा कोटेड असला शब्द शोधा, सापडला तर ते फोटो छापायला ठेवा. फाइन आर्ट हा शब्द हल्ली दोन्हीकडे वापरतात त्यामुळे हा घोळ होतो.

आता अॅसिड-फ्री. त्याचा अर्थ इतकाच की कारखान्यातून निघाला तेव्हा कागद आम्ल नव्हता. पुढे काय होईल ते आत काय आहे त्यावर. १८०७ मधे इलिश नावाच्या जर्मन माणसाने राळ आणि तुरटीची खळ लगद्यातच घालायची रीत छापून प्रसिद्ध केली, ती स्वस्त पडली म्हणून सगळीकडे गेली, आणि त्या तुरटीतून तयार होणारं आम्ल कागद आतून खात राहतं. त्यात पुढे लाकडाचा लगदा आला, त्यातलं लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य) उजेडात पिवळं पडतं. म्हणून आमच्याकडे अठराव्या शतकातला चिंध्यांचा कागद घडी घालता येईल असा येतो आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी छापलेल्या पानाचा कोपरा नुसता वाकवला तरी तुटतो.

तर नुसतं अॅसिड-फ्री नको, सोबत आयएसओ ९७०६ (टिकाऊ कागदाचं आंतरराष्ट्रीय मानक) आहे का बघा. त्यात पीएच ७.५ ते १० असावा लागतो, लिग्निन जवळपास नसावं लागतं, आणि महत्त्वाचं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा किमान २ टक्क्यांएवढा साठा कागदात असावा लागतो, जो हवेतून येणारं आम्ल मारत राहतो. कॉटनच हवं असा हट्ट नाही, नीट शुद्ध केलेला लाकडाचा अल्फा सेल्युलोज पण टिकतो, फक्त भिजवून प्रेसखाली घालायला कॉटन बरा, मऊ राहतो आणि सोलत नाही.

अजून एक, फार पांढराशुभ्र कागद दिसला की मला शंका येते. त्यात चकाकी आणणारी रसायनं असतात, ती वर्षानुवर्षं उजेडात दमतात आणि कागदाचा रंग बदलतो. नोटा तपासायचा जो जांभळा टॉर्च असतो तो अंधारात मारा, कागद निळा चमकला तर समजा आहेत. जरा दुधी पांढरा घ्या, काळी शाई त्यावर दिसतेही छान.

प्रेसवाला_जुना
वरचे लाखमोलाचं बोलले. त्यात ग्रेनचं (कागदातले तंतू ज्या दिशेला पडलेले असतात तिचं) राहिलं ते जोडतो कारण एडिशन म्हणालात. कागद ओला झाला की वाढतो, आणि ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. एका प्लेटचं काम असेल तर फरक पडत नाही, पण दोन-तीन रंगांच्या प्लेटा असतील तर सगळे कागद एकाच दिशेने कापा आणि प्रत्येक रंगाच्या वेळी ओल तेवढीच ठेवा, नाहीतर दुसरा रंग केसभर सरकलेला दिसेल आणि तुम्ही प्लेटलाच शिव्या घालत बसाल. ग्रेन बघायला कागद न मोडता हलका वाकवा, ज्या बाजूने सहज वळतो ती वळण्याची रेघ म्हणजे ग्रेन. मोल्डमेड (फिरत्या साच्यावर बनवलेल्या) कागदात हा फरक कमी असतो, पूर्ण मशीनच्या कागदात जास्त.

जुन्या पुस्तकांत झेर्काल सगळीकडे सुचवलेला दिसेल, शोधत बसू नका, २०२१ च्या पुरात ती जर्मन गिरणी गेली आणि बंद झाली. कुणाकडे जुना साठा असेल तर नशीब.

आणि थेट पाकीट घेण्याआधी दोन-तीन कागदांची एकेक शीट घ्या, पट्ट्या करा, प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलने नाव आणि किती वेळ भिजवला ते लिहा, तीच प्लेट तीच शाई घेऊन सगळ्यांवर छापा. ड्रायपॉइंटचा बर लवकर झिजतो म्हणून ही टेस्ट खऱ्या प्लेटवर करू नका, एक टाकाऊ तुकडा कोरून घ्या.

शाईचेडाग
पट्ट्यांचं लगेच करते. शेवटचं एक, छापून झाल्यावर ड्रायपॉइंट वाळवताना वेडावाकडा होतो, दोरीला क्लिपने लावते मी. आणि सही कधी करायची?

लिनोवेडी
दोरीला लिनो लावा, तो कोरडाच असतो. ओला कागद टांगला तर लाटा येणारच. ड्रायपॉइंट कोऱ्या ब्लॉटरमधे सपाट ठेवा, शाईच्या बाजूला आधी पातळ टिश्यू, वर फळी आणि थोडं वजन, पहिल्या दिवशी ब्लॉटर दोनदा बदला मग रोज एकदा. वजन फार ठेवलं तर प्लेटची उठलेली कड बसून जाते, ती तर ठेवायचीये. सही पूर्ण वाळल्यावरच, मऊ पेन्सिलने, ओल्या कागदावर पेन्सिल कागद ओरबाडते.