'मीडिऑकर' थाळी: सुमार, यथातथा की बेतास बात?

रानमोगरी: इंग्रजी परीक्षणाच्या भाषांतरात अडलंय. थाळी 'मीडिऑकर' आहे, असं मूळ लेखक म्हणतो. मी 'सुमार' लिहिलं, संपादकांनी 'सामान्य' केलं. पण वरण-भात सामान्यच असतो आणि तरी तो उत्तम असू शकतो! खाल्लं, पण पुन्हा तिकडे पाय वळणार नाहीत, एवढी नाराजी शब्दात हवी.

दौत-टाक: 'सामान्य' नकोच. पण 'सुमार'ही इथे जड होतो. सुमार कादंबरी, सुमार अभिनय, सुमार बुद्धी. तो कुवतीवरचा शेरा आहे. जेवणाला 'बेतास बात'. भाजीत मीठ-तिखट आहे पण फोडणीचा वास नाही, पोळी कच्ची नाही पण पदर सुटलेले नाहीत, असं जेवण.

स्वभाषा: 'सुमार' फारसी. 'साधारण' असताना तो हवाच कशाला?

दौत-टाक: 'साधारण थाळी' म्हटलं की वाचक फलकावरची साधी थाळी समजेल, स्पेशल थाळीच्या वरच्या ओळीतली. शिवाय 'साधारण वीस माणसं' म्हणजे अंदाजे.

उंबरठा: सुमार म्हणजे सु + मार, चांगला मार खाल्लेला?

दौत-टाक: नाही हो. फारसी 'शुमार', म्हणजे मोजणी. म्हणून तर सुमारे, बेसुमार, आणि जनगणनेला जुना शब्द खानेसुमारी. मोजणीत धरलं जाणारं, पण त्यापलीकडे काही नाही, असा अर्थ सरकला असावा असं मला वाटतं.

स्वभाषा: मग 'यथातथा' घ्या. अस्सल संस्कृत.

रानमोगरी: संस्कृतात 'यथातथम्' म्हणजे जसंच्या तसं, अचूक. नाराजी त्यात मराठीनेच भरली. मग फारसी शब्दाला मराठीने दिलेला अर्थ परका कसा?

स्वभाषा: परका नाही, पण पर्याय असताना आधी आपल्या घरात शोधावं, एवढंच.

उंबरठा: 'बरी' का नको? 'थाळी बरी होती.'

दौत-टाक: बोलताना चालेल, तिथे सूर सांगतो. कागदावर ती शिफारस वाटेल. आणि 'च' लावताना जपा. यथातथाच, बेताचीच, ठीकच, सगळीकडे 'च'ने नाराजी वाढते. 'बरा'ला लावला की 'बराच', म्हणजे पुष्कळ!

उंबरठा: पण 'बरीच आहे की!' असंही म्हणतात, वाटलं होतं त्यापेक्षा चांगली या अर्थी. तिथे 'पुष्कळ' कुठे बसतो?

रानमोगरी: हा 'च' वेगळा धागा मागतो. पण माझ्या थाळीचं काय?