मदत हवी आहे: कराडजवळ मराठीतून चालणारी एए सभा

कराड-उंब्रज भागात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मराठीतून होणारी सभा सध्या कुठे भरते? वार, वेळ आणि सभा खुली की बंद, एवढं नक्की सांगा. बंद सभेत घरच्यांना बसता येत नाही, आणि पहिल्या दिवशी एकट्याने आत जायला माणूस कचरतो. शेवटच्या एसटीआधी सुटणारी असेल तर फार बरं; नाहीतर जाणं लवकरच बंद पडतं. ज्यांच्यासाठी ही चौकशी आहे, त्यांच्या पत्नीसाठी अल-ॲनॉनचा (दारूचं व्यसन असलेल्यांच्या घरच्यांसाठीचा) गट आहे का? १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन माहीत आहे, पण प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांचं सांगणं हवंय. त्यांची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवली आहे. जेवणात गुपचूप गोळी घालायचा सल्ला कृपया देऊ नका: डायसल्फिराम, म्हणजे ती दारू सोडवायची गोळी, पोटात असताना दारू प्यायली गेली तर जिवावर बेतू शकतं.