मे महिन्यात उत्तर नॉर्वे: प्राणी, निसर्ग आणि सामी लोक बघायचे तर कसं आखावं?

डिचोलीवाली

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात शाळेला सुट्टी पडली की मी, नवरा आणि नववीतला मुलगा असे तिघं नॉर्वेला जायचं म्हणतोय. नात्यातले एकजण ऑस्लोला असतात त्यामुळे तिथल्या राहण्याची काळजी नाही, पण मला ओढ आहे ती उत्तरेची. मुलाला प्राणीपक्ष्यांचं भयंकर वेड, म्हादईच्या रानात पट्टेरी वाघाचे ठसे मिळाले अशी बातमी आली की तो पेपरचं कात्रण काढून ठेवतो, आणि सध्या त्याच्या डोक्यात पांढरं अस्वल बसलंय. मी हायस्कूलला इतिहास शिकवते म्हणून मला तिथले मूळचे सामी लोक समजून घ्यायचेत, म्हणजे आज कसे राहतात, त्यांच्या जमिनीचं काय झालं वगैरे.

इथल्या एका टूरवाल्याने पॅकेज दिलंय. ट्रोम्सो, नॉर्दर्न लाइट्स, कुत्र्यांच्या गाडीतून फेरी आणि एक संध्याकाळ "सामी अनुभव", म्हणजे तंबूत जेवण, त्यांचे कपडे घालून फोटो आणि दोन तासांत परत हॉटेल. आकडा बघून छातीत धडकी भरली आणि एवढे पैसे टाकून माणसांशी धड बोलणंसुद्धा होणार नाही असं वाटलं. कोणी तिकडे जाऊन आलंय का? वरच्या स्वालबार्ड बेटांवर जावं की मेनलँडवरच फिरावं? सविस्तर सांगा प्लीज.

म्हापसेकर_भटका

ताई, पहिल्यांदा त्या टूरवाल्याला विचारा की मे महिन्यात नॉर्दर्न लाइट्स कुठून दाखवणार. मेच्या मध्यापासून तिकडे सूर्य मावळतच नाही, त्याआधीही रात्र अशी काळी होत नाही, आणि काळोख नसला तर ते दिवे दिसणं शक्यच नाही. सप्टेंबर ते मार्चचं पॅकेज तारखा बदलून तुमच्या हातात ठेवलंय. सरळ नाही म्हणा.

अस्वलाचं सांगतो. स्वालबार्डला ती आहेत, बेटांच्या आसपास कायम राहणारी ३०० च्या घरात धरतात, पण १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक झालाय, अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं आणि १ मार्च ते ३० जून या काळात तर ५०० मीटर. म्हणजे मेमध्ये नशिबाने दिसलंच तर बर्फावर पिवळसर ठिपका हलताना दिसेल, दुर्बिणीतून. मला हा नियम शंभर टक्के पटतो कारण तेव्हा आया नुकत्याच पिल्लांना घेऊन बिळातून बाहेर पडलेल्या असतात आणि सील मारून चरबी साठवायचे तेच दिवस, त्यात स्नोमोबाईलवाले मागे लागले की ती शिकार सोडून पळतात. मुलाला हे आधीच समजावून सांगा, फोटोसाठी जाऊ नका.

त्यापेक्षा मेनलँडवर नॉर्थ केपजवळ येसवेर नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, तिथून बोटीने येसवेरस्टापानच्या खडकांवर नेतात. एप्रिलच्या मध्याला पफिन येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असतात, त्यामुळे तुमची वेळ अगदी बरोबर बसते. पफिन म्हणजे तो रंगीत जाड चोचीचा, उडताना पंख इतके भरभर मारतो की आता समुद्रात पडेल असं वाटत राहतं, आणि वरून पांढऱ्या शेपटीचा गरुड खाली झेपावला की सगळा थवा एकदम पाण्यावर उतरतो. बोट बरीच जवळ जाते. वारा मात्र हाडात शिरतो, कानटोपी आणि हातमोजे घेतल्याशिवाय डेकवर जाऊ नका, मे आहे म्हणून फसू नका.

केपेंकार

मी इतिहासाच्या बाजूने लिहितो कारण ताईंचा तो विषय.

उत्तर नॉर्वेतल्या आल्टा गावाला जा, काहीही करून जा. तिथे येम्मेलुफ्त म्हणून खाडी आहे, तिच्या काठच्या खडकांवर हजारो चित्रं कोरलेली आहेत, साधारण ७००० ते २००० वर्षांपूर्वीची, १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत. रेनडिअर, अस्वलं, होड्या, होडीतून गळ टाकून मोठा मासा ओढणारी माणसं. एका ठिकाणी रेनडिअर अडवायचं कुंपण कोरलंय, खांब न् खांब दाखवलेत आणि आत जनावरं कोंबलेली, बाहेर काठ्या घेतलेली माणसं. दुसरीकडे अस्वल गुहेतून निघालंय आणि त्याच्या पावलांची रांग खडकावर लांब गेलीय. लाकडी वाटेवरून फिरायचं, खडकावर पाय ठेवायचा नाही. आणि एक बघून ठेवा, जुनी चित्रं वर आहेत आणि नवीन खाली. कारण हिमयुगात बर्फाच्या वजनाने जमीन दबली होती, बर्फ गेल्यावर ती हळूहळू उचलली गेली, आणि माणसं कायम पाण्याच्या कडेलाच कोरत होती म्हणून किनारा जसा खाली सरकला तशी चित्रंही सरकली. वर्गात समजवायला याच्याएवढं चांगलं उदाहरण मिळणार नाही. फक्त बर्फ उशिरा वितळला तर मेच्या सुरुवातीला काही खडक झाकलेले असू शकतात, म्हणून जमेल तेवढी महिनाअखेर धरा.

जायच्या आधी मुलाला आमच्या उसगाळीमळला घेऊन या. कुशावतीच्या काठी जांभ्यावर बैल, हरणं, तो चक्रव्यूह, सगळं आहे, १९९३ मध्ये उजेडात आलं आणि अजून कित्येक गोंयकारांनी पाहिलेलं नाही. दोन्ही बघितलेल्या मुलाला नदीकाठी माणूस दगडावर जनावरं का कोरतो हा प्रश्न आपोआप पडेल.

आता आल्टाची दुसरी गोष्ट, ही माझ्या जास्त जिव्हाळ्याची. आल्टा-काउतोकेनो नावाच्या नदीवर सरकारला धरण बांधायचं होतं. पहिल्या आराखड्यात मासी नावाचं सामी गाव पाण्याखाली जाणार होतं, ते विरोधामुळे वगळलं, पण रेनडिअरच्या कुरणांचा आणि साल्मन माशाचा प्रश्न होताच. १९७९ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोला संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केलं. १९८१ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, लोकांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून रस्ता अडवला आणि सुमारे ६०० पोलिसांनी त्यांना उचलून हलवलं. धरण शेवटी झालंच, १९८७ ला वीज सुरू झाली. पण त्या लढ्याने सगळ्या देशाला सामी लोकांच्या हक्काचा विचार करावा लागला आणि १९८९ मध्ये काराशोकला त्यांची स्वतःची संसद उभी राहिली. इमारत बघाच, सभागृह त्यांच्या तंबूच्या आकाराचं आहे.

मी सांगे-केपें भागातला माणूस, साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी आमच्या शेजारचं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. दर मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराच्या देवळापाशी लोक जमतात, आपल्या घराचं जोतं शोधतात, पोरांना दाखवतात, आणि पाऊस लागला की सगळं परत पाण्याखाली. मासीतून रस्ता जातो, तुम्ही गाडीने काउतोकेनोला गेलात तर लागेल. तिथे थांबा. घरं आहेत, देऊळ आहे त्यांचं, म्हणजे चर्च, नदी वाहते. गाव वाचलं म्हणजे काय ते बघायला मिळेल.

सडा_वास्को

केपेंकार, कुर्डीचं वाचून गप्पच झालो. छान लिहिलंत.

स्वालबार्डबद्दल माझं मत थोडं वेगळं. अस्वलासाठी नका जाऊ हे बरोबर, पण मुलाला विज्ञानाची गोडी असेल तर तिकडे आपल्या गोव्याचा एक धागा आहे तो सांगतो. हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आणि भारताचं आर्क्टिकमधलं 'हिमाद्री' स्टेशन, जे १ जुलै २००८ ला स्वालबार्डमध्ये नी-ऑलेसुंडला सुरू झालं, त्याचं सगळं काम इथून चालतं. २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफियोर्डच्या पाण्यात भारताने इंडआर्क नावाची यंत्रणा सोडली, ती पाण्याचं तापमान, खारटपणा वगैरे सतत मोजते. आर्क्टिकच्या बर्फाचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. नी-ऑलेसुंडला जाणाऱ्यांना फोनचं वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो, हे मुलाला आवडेल.

मेनलँडवर तापमानवाढीचा फटका रेनडिअर पाळणाऱ्यांना कसा बसतो तेही समजून घ्या. रेनडिअर हिवाळ्यात खुराने बर्फ उकरून खालचं लायकेन खातात, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीचंच. पूर्वी हिवाळाभर भुसभुशीत कोरडा बर्फ असायचा. आता मधेच पाऊस पडतो, तो गोठून बर्फावर काचेसारखा थर बसतो, आणि मग जनावराला खालच्या चाऱ्याचा वास येतो पण खूर आत जात नाही. लोकांना विकतचा चारा घालावा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला पांढरंशुभ्र रानच दिसणार, त्याखाली चारा कोंडलाय हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

डिचोलीवाली

अरे वा, एवढं सगळं! देव बरे करो तुमचं. टूरवाल्याला कळवून टाकलंय. केपेंकार, उसगाळीमळला पुढच्याच रविवारी जातोय.

आता मला सांगा, सामी लोकांना भेटायचं कसं? म्हणजे त्यांना आपण प्रदर्शनात बघायला आलोय असं वाटू नये. आपल्याकडे गावडे-कुणबी बायकांना साड्या नेसवून हॉटेलात पाहुण्यांसमोर नाचवतात ते बघून मला नेहमी वाईट वाटतं, तसंच मी तिकडे जाऊन करणार नाही ना ही धास्ती आहे.

फोंड्याची_ट्रोंडहाइमला

ताई, मी फोंड्याची, नोकरीनिमित्त बरीच वर्षं ट्रोंडहाइमला आहे. तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला.

मेमध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ते रेनडिअरच्या विणीचे दिवस. माद्या गाभण असतात, माणूस किंवा कुत्रा दिसला तरी बुजतात आणि पिल्लू टाकून पळू शकतात. त्यामुळे कळप दिसला तर गाडी हळू करा, उतरून जवळ जाऊ नका, ड्रोन तर अजिबात नको. वसंतात कळप आतल्या पठारावरून समुद्राकडच्या कुरणांकडे निघतात, रस्त्यात आडवे आले तर हॉर्न न वाजवता थांबून राहायचं. पाळणारी माणसं तेव्हा दिवसरात्र कामात असतात, म्हणून त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जायचा आग्रह धरू नका. एखाद्या कुटुंबाने स्वतःहून पाहुणे घ्यायचं ठेवलं असेल तर काराशोक किंवा काउतोकेनोला चौकशी करून जा, पैसे थेट त्यांच्या हातात पडतात आणि गप्पाही मनमोकळ्या होतात.

गप्पांत तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत हे विचारू नका. ते म्हणजे बँकेत किती पैसे आहेत विचारल्यासारखं होतं. त्याऐवजी कानाच्या खुणांबद्दल विचारा. उन्हाळ्यात पिल्लांच्या कानांना सुरीने काप देतात, प्रत्येक मालकाची वेगळी नक्षी, लहान मुलांच्या नावाचीसुद्धा स्वतःची खूण असते, आणि धावत्या कळपात जाणकार माणूस कान बघून हे कोणाचं ते सांगतो. या विषयावर माणसं खुलतात.

त्यांचा पोशाख, गाक्ती, भाड्याने घालून फोटो काढू नका, त्याच्या रंगावरून पट्ट्यावरून माणूस कुठल्या भागातला ते ओळखतात. वस्तू घेताना "सामी दुओज्जी" ही खूण, म्हणजे खरी सामी हस्तकला असल्याची, बघून घ्या, विमानतळावर मिळतं त्यातलं पुष्कळ बाहेरून बनून आलेलं असतं.

इतिहासाच्या बाई आहात म्हणून सांगते, शाळेचा विषय तिथे फार दुखरा आहे. शंभरेक वर्षं सामी मुलांना वसतिगृहांत घालून त्यांची भाषा बोलू दिली नाही, आजही साठी-सत्तरीतले कितीतरी लोक आईची भाषा समजतात पण बोलू शकत नाहीत. नॉर्वेच्या संसदेने या विषयावर नेमलेल्या आयोगाचा अहवाल जून २०२३ मध्ये आला आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला संसदेने माफी मागितली. तो विषय कोणी स्वतः काढला तर ऐका, खोदून विचारू नका.

आणि जमिनीचं म्हणाल तर आल्टावर संपलेलं नाही. माझ्या इथून जवळ फोसेनला रेनडिअरच्या हिवाळी कुरणात १५१ पवनचक्क्या उभ्या केल्या. ११ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांवर गदा आणतात, तरी पाती फिरतच राहिली. २०२३ च्या फेब्रुवारीत सामी तरुण ऑस्लोत मंत्रालयात जाऊन बसले. पुढे तडजोडी झाल्या, चक्क्या आहेत त्या जागेवरच आहेत. वीज प्रदूषण न करणारी आहे, तीच तर अडचण, पर्यावरणाच्या नावानेच कुरण गेलं. मोलेंच्या रानातून वीजवाहिनी जाणार म्हणून गोव्यात २०२० ला जी पोरं रस्त्यावर आली त्यांना हे लगेच समजेल.

म्हापसेकर_भटका

मस्त माहिती. ताई, मग माझा सल्ला असा: ऑस्लोहून विमानाने आल्टा, तिथून गाडी भाड्याने घेऊन मासी-काउतोकेनो, मग काराशोक, वर येसवेर आणि परत आल्टा. अंतरं मोठी आहेत, मेमध्ये वरच्या रस्त्यांवर अजून बर्फ पडतो, त्यामुळे हिवाळी टायर आहेत का हे गाडी घेताना विचारा. पेट्रोल दिसलं की भरून घ्या.

डिचोलीवाली

हे एकदम जमतंय. नवरा मात्र हिमाद्रीचं वाचल्यापासून स्वालबार्डचं नाव घेऊन बसलाय, शेवटी तिकडे जोडून जाता येईल का? व्हिसा तोच चालतो ना?

सडा_वास्को

जाता येईल, पण व्हिसा काढतानाच डबल किंवा मल्टिपल एंट्री मागा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, बाहेर येतं, त्यामुळे तिकडे गेलात म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलात असं धरतात आणि परत ऑस्लोला येताना दुसरी एंट्री लागते. सिंगल असेल तर अडकाल. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन, त्याच्या बाहेर गाईडशिवाय जायचं नाही, गाईडकडे अस्वलांपासून बचावासाठी बंदूक असते. आणि नी-ऑलेसुंडपर्यंत मे महिन्यात बोट जाते की नाही ते बर्फावर असतं, तिकीट काढायच्या आधी बोटवाल्याला विचारून घ्या.