मदत हवी आहे : सिलिंड्रिकल नंबर वर्षभरात दुप्पट झाला, कॉर्नियाची टोपोग्राफी करावी का?

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. माझा मुलगा अकरावीत आहे. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर उणे १.५० होता, तो आता उणे ३.०० निघाला असून ॲक्सिसही (हे भिंग ज्या कोनात बसवतात तो अंश) २० वरून ४५ वर सरकला आहे. डावा डोळा उणे ०.७५ वर जवळजवळ स्थिर आहे. चष्मा नवा केला तरी अक्षरांमागे सावली दिसते ही त्याची तक्रार कायम आहे आणि रात्री पणजीहून परतताना समोरच्या बसचे दिवे त्याला एका बाजूला ओघळल्यासारखे दिसतात.

सिलिंड्रिकल नंबर ज्यामुळे लागतो त्या ॲस्टिग्मॅटिझममध्ये कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता सर्व दिशांना सारखी नसते, त्यामुळे प्रकाशकिरण एका बिंदूवर एकत्र येत नाहीत, आणि सिलिंड्रिकल भिंग ठरावीक दिशेनेच ही तफावत भरून काढते, एवढे मला समजले आहे. ॲक्सिस थोडा चुकला तरी दिसण्यात फरक पडतो. ३० अंशांनी चुकला तर त्या भिंगाचा उपयोग जवळजवळ राहत नाही. म्हणून फ्रेम वाकलेली आहे का, हे चष्मेवाल्याकडून आधीच तपासून घेतले. ती सरळ आहे.

माझी खरी शंका केराटोकोनसची आहे. या विकारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, तो बहुधा याच वयात सुरू होतो, आणि डोळे चोळण्याची सवय त्याला पोषक ठरते. आमच्या चिरंजीवांना लहानपणापासून ॲलर्जी आहे. काजू-आंबे मोहरले की बोटांची पेरे डोळ्यांत खुपसून चोळणे सुरू होते आणि ओरडलो की तेवढ्यापुरते थांबते. मेहुण्यांचा आग्रह थेट लेसर करून नंबर घालवण्याचा आहे. मला तो अजिबात पटत नाही, कारण मुलगा अठरा वर्षांचा नाही, नंबर स्थिर नाही, आणि केराटोकोनस असेल तर लेसरने आधीच पातळ असलेला कॉर्निया आणखी दुबळा होईल.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या वक्रतेचा नकाशा काढणारी तपासणी, होते का, की त्यासाठी पणजी-मडगावला खासगी दवाखान्यातच जावे लागते, आणि साधारण खर्च किती येतो? रायबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण वापरून करतात ते क्रॉसलिंकिंग विकाराची वाढ थांबवण्यासाठी असते, नंबर घालवण्यासाठी नव्हे, हे ठाऊक आहे. पण ते करून घेतलेल्या कोणाच्या मुलाला नंतर चष्म्याने नीट दिसू लागले का, की कडक कॉन्टॅक्ट लेन्स घ्याव्याच लागल्या? आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत कॉलेजच्या वेळेत त्या लेन्स निभावतात का, आणि मुलाची डोळे चोळण्याची सवय कोणी कशी सोडवली, हेही कृपया लिहावे.